अजान संपेपर्यंत

पोलीस ठाण्यासमोर ज्याचं दुकान असतं, त्याला पंच व्हावंच लागतं. माझं शिलाईचं दुकान ठाण्याच्या फाटकाच्या अगदी समोर. कुठे घरफोडी झाली, कुणाची मोटारसायकल पकडली, विहिरीत कुणी सापडलं, की एखादा शिपाई रस्ता ओलांडून यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "मास्तर, जरा सही." मी मशीन थांबवायचो, बोटांना लागलेला खडू धोतराला पुसायचो आणि ते बोट ठेवतील तिथं सही करायचो. पंचानं जागेवर जावं, डोळ्यांनी बघावं, लिहिलेलं वाचावं आणि मग सही करावी, असा नियम आहे. जागेवर मी निम्म्या वेळा गेलो असेन. वाचलं मात्र कधीच नाही. त्यांचे गणवेश मी शिवायचो, माझ्या दुकानावर त्यांची नजर असायची. त्यांच्यासमोर कागद वाचत बसणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटायचं.

गाव आमचं नांदेड आणि लातूरच्या मधलं, अहमदपूरच्या बाजारात जाणारं. त्याचं नाव मी लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही. पण त्या सह्यांमधली एक खोटी आहे, आणि ती माझ्या मित्राच्या मरणाच्या कागदावर आहे. तेवढं मला लिहायचं आहे.

माझा मित्र पिंजारी होता. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. गादीची खोळ मी शिवायची, कापूस त्यानं पिंजून भरायचा, अशी आमची चाळीस वर्षांची जोडी. दुकानातली कात्रणं मी पोत्यात साठवून ठेवायचो आणि तो ती उशांत भरायचा. "मास्तर, या गावात कुणी बी झोपलं तर आपल्या दोघांच्या मधी झोपतंय," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. लग्नाची गादी भरताना तो एक मूठ कापूस जास्त घालायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. मी रागावलो की म्हणायचा, "पोरगी परक्या घरी चालली. पाठीखाली तरी मऊ लागू द्या."

सोमवारी माझा उपास असतो. गळ्यात लिंग बांधतो, पण उपास मनापासून करतो असं नाही. हे त्याला ठाऊक होतं. सोमवारी मुद्दाम चार वाजता यायचा, कागदात बांधलेली गरम भजी माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "तुमचा देव तिकडं बघून राहिला. खावा पटकन." रमजानात मी त्याच्यासमोर चहा प्यायचो नाही. त्यावरून तो मला टोमणे मारायचा, "रोजा मला हाय का तुम्हाला?"

साठीच्या आत त्याला आजार जडला. तोपर्यंत हातातली पिंजण्याची कमान जाऊन मशीन आलं होतं आणि त्याचं दिवसभराचं काम दोन तासांवर आलं होतं. मधूनच त्याला भास व्हायचे. कुणीतरी कापूस पेटवायला येतंय असं वाटायचं. मग तो दार लावून घ्यायचा, ओरडायचा, हाताला लागेल ते फेकायचा. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो चांगला राहायचा. पण गोळ्या खाल्ल्या की हात जड होतो, टाका वाकडा जातो, म्हणून हंगामात तो त्या गुपचूप बंद करायचा. दिवाळीनंतर थंडी पडली, रजयांचं काम वाढलं, की भाबी माझ्या दुकानात येऊन हळूच सांगायच्या, "मास्तर, गोळ्यांची पट्टी तशीच हाय." मग मी त्याला घेऊन नांदेडच्या बसमध्ये बसायचो.

अशाच एका खेपेला, परतताना, त्याला बसमध्येच झटका आला. उठून उभा राहिला आणि "गाडी पेटवताय काय रे!" म्हणून ओरडू लागला. माणसं घाबरली. लोह्याच्या स्टँडवर बस थांबली आणि तेवढ्यात जवळच्या मशिदीतून अजान सुरू झाली. भाई एकदम गप्प झाला. सीटवर बसला, मान खाली घातली आणि अजान संपेपर्यंत हलला नाही. संपल्यावर शहाण्या माणसासारखा मला म्हणाला, "मास्तर, शेंगा घेता का?"

कंडक्टर म्हणाला, "काका, मोबाइलमधी एक अजान भरून ठेवा की. डॉक्टरची गरज न्हाई."

मी नंतर त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "डोक्यात कितीबी जणं बोलू द्या मास्तर, अजान आली की ते बी गप बसतात. त्यांना बी कळतं."

हे मला ठाऊक होतं. त्याच्याबद्दलचं सगळं मला ठाऊक होतं, याचा मला अभिमानच होता.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत गोळ्या पुन्हा बंद झाल्या. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेलो, तर भाई कापूस ठोकायचा लाकडी दांडा घेऊन ओट्यावर उभा होता आणि जवळ येईल त्याच्यावर तो उगारत होता. भाबींनी ठाण्यात फोन केला होता. आदल्या वर्षी असंच झालं होतं, तेव्हा एक म्हातारे हवालदार आले होते. त्यांनी त्याला चहा पाजून, खांद्यावर हात टाकून जीपमध्ये बसवलं होतं आणि सरळ नांदेडला दवाखान्यात नेलं होतं. तसंच होईल म्हणून त्या माउलीनं फोन केला.

या वेळी हवालदार तेच होते, पण त्यांच्याबरोबर एक नवा शिपाई होता. हदगावकडचा, चोवीस-पंचवीसचा. त्याचा पहिला गणवेश मीच शिवला होता. माप देताना म्हणाला होता, "काका, पँट जरा ढिली ठेवा, बसताना उसवून राहिली." मला तो पोरगा आवडायचा. दुकानासमोरून जाताना हात केल्याशिवाय जात नसे.

दांडा हवालदारांच्या मनगटाला लागला. मग झटापट झाली. त्यांनी भाईला ओट्यासमोरच्या फरशीवर पालथा पाडला, हात पाठीमागे घेऊन बेडी घातली. शिपाई त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला. भाई पाय झाडत होता म्हणून मी ते धरले. कुणी सांगितलं नव्हतं. माझा मित्र होता, त्याला लागू नये, म्हणून मीच धरले. हवालदार जीप गल्लीत आणायला गेले. जाताना म्हणाले, "सोडू नको त्याला." भाबी दारात उभ्या होत्या. गल्लीतले बाकी सगळे लांब.

भाई ओरडत होता. "दम घुटतोय रे, मास्तर," असंही म्हणाला. मी म्हणालो, "जरा थांब भाई, गाडी येऊन राहिली."

आणि असरची, दिवस कलतानाची, अजान सुरू झाली.

तो गप्प झाला. माझ्या हातातले त्याचे पाय सैल पडले. शिपायानं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "काका, हलत न्हाई हो. उठू का?"

मी म्हणालो, "बस. अजान ऐकायलाय. ही सवय हाय त्याची. संपली की बोलेल. आत्ता उठलास तर पुन्हा उसळेल."

तो बसून राहिला. मी पाय धरून राहिलो. भाबींनी डोक्यावर पदर घेतला आणि तोंड आत वळवलं. आम्ही तिघं अजान संपायची वाट बघत होतो. ती संपली. भाई बोलला नाही.

त्यानंतरची धावपळ लिहीत नाही. जीप आली, दवाखाना झाला, डॉक्टरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार मनगटाला पट्टी बांधून दुकानात आले. त्यांचेही डोळे सुजले होते. माझ्या कापणीच्या फळीवर कागद ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, पंचनामा." मी सही केली. सवयीनंच केली. मी तर तिथं पाय धरून बसलेला माणूस, मी पंच कसा होणार, हा साधा प्रश्नही माझ्या डोक्यात आला नाही. कागदात काय लिहिलं होतं ते मला भाबींच्या हातातल्या नकलेवरून चौथ्या दिवशी कळलं. सदर इसम चक्कर येऊन ओट्यावरून खाली पडला. खाली माझी सही, नेहमीसारखी वळणदार.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही गेलो.

पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. ती झाली. मला बोलावलं. मी सांगितलं, मी नंतर आलो, तोवर तो पडलेला होता. मला वाटलं, सगळे हेच सांगतील आणि प्रकरण मिटेल. माझी सही, हवालदारांची नोकरी, त्या पोरगेल्या शिपायाचं आयुष्य, सगळं त्या एका वाक्यात वाचेल. पण शवविच्छेदनात आलं की छातीवर आणि पाठीवर दाब पडून श्वास कोंडला. वाक्य खोटं ठरलं. मग बाकीच्यांनी आपापलं अंग काढून घेतलं आणि पाठीवर बसलेला तेवढा उरला. शिपाई निलंबित झाला, त्याच्यावर खटला उभा राहिला. त्यानं चौकशीत सांगितलं होतं म्हणे, की शिंपीकाकांनी बस म्हटलं म्हणून बसलो. कुणी मानलं नाही. शिंपीकाका तर नंतर आले होते.

भाबींना चौकशीत विचारलं, पोलिसांना कुणी बोलावलं? त्या म्हणाल्या, मी. आणि रडू लागल्या. त्यांचा जबाब तिथंच आटोपता घेतला. त्या दिवसापासून त्या गल्लीत कुणालाही हेच सांगायच्या. मीच फोन केला. मीच मारलं. माझी बायको त्यांच्याकडे ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन जायची आणि तेच ऐकून परत यायची. घरी आली की माझ्याशी बोलायची नाही. एक दिवस बोलली. "पंच म्हणून सही करायला हात कसा झपाझप चालतो. खरं सांगायला जीभ का उचलंना?"

तिला मी पहिल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं.

खटल्यात साक्षीला बोलावल्याचं समन्स आलं, तेव्हा मी आमच्या वकिलांकडे गेलो. लातूरला वकिली करतात, काळा कोट माझ्याकडे शिवतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मास्तर, तुमच्या बोलण्यानं तो पोरगा सुटंल असं वाटतंय का तुम्हाला?"

"सुटावा."

"न्हाई सुटणार. बेडी घातली की माणूस त्याच्या जिम्मेदारीत आला. श्वास चालू हाय का न्हाई ते बघणं त्याचं काम. शिंपी म्हणाला, वाणी म्हणाला, म्हणून ते काम दुसऱ्याचं होत न्हाई. झाली तर सजा जरा कमी होईल. आणि तुम्ही मात्र दोन जाग्यांवर अडकाल. पाय धरले ते एक, आणि आधी खोटा जबाब दिला ते दुसरं. विचारलं तेवढंच सांगा. कोट चांगला शिवता हो तुम्ही, या वयात कशाला?"

मी विचारलं, "आणि ज्यानं फोन केला त्याची जिम्मेदारी?"

"काहीच न्हाई. आजारी माणसाला मदत मागितली, एवढंच त्यात हाय. कायद्यात तर न्हाईच."

हे वाक्य मी बसमध्ये घोकत आलो. मला वाटलं, निदान एवढं तरी भाबींना सांगता येईल. पण ते सांगायचं तर फोननंतर काय झालं तेही सांगावं लागणार. अर्धं खरं मी आधीच एकदा सांगून बघितलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावरच बसलो, आत जायचा धीर झाला नाही. भाबी कापूस निवडत होत्या. आता त्या स्वतःच उशा भरतात, मशीन त्यांचा भाचा चालवतो. त्यांनी चहा ठेवला. मी चहा न घेताच सगळं सांगितलं. पाय मी धरले. दम घुटतोय म्हणाला तेव्हा थांब म्हणालो. पोरगा उठत होता, त्याला बस म्हणालो. फोनला दोष नाही, दोष माझ्या शहाणपणाचा आहे.

त्यांचा हात कापसातच होता. म्हणाल्या, "मी ऐकलं होतं, मास्तर."

"काय ऐकलं?" मी विचारलं.

"दारातच तर होते मी. तुम्ही बस म्हणालात ते ऐकलं. मला बी तसंच वाटलं. पदर घेतला अन् म्हटलं, चला, शांत झाले. तुम्ही बोललात, मी मनात म्हटलं. फरक एवढाच."

"मग जबाबात माझं नाव का नाही घेतलं?"

"कशाला घेऊ? चाळीस वर्षांचे दोस्त तुम्ही. त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते तुम्हीच बोला. मी वाट बघून राहिले होते. दोन वर्षं झाली." मग एकदम चिडल्या. "सोमवारची भजी खाताना लाज न्हाई वाटली कधी देवाची, अन् हे सांगायला एवढी?"

मी खाली मान घालून चहा प्यायलो. गार झाला होता. त्यांनी मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, "उद्या मी बी येते. पण एक सांगा तिथं. अर्धं न्हाई. पुरं."

कोर्टात सरकारी वकिलांनी मला नेहमीचा प्रश्न विचारला. तुम्ही घटनास्थळी केव्हा पोचलात? मी म्हणालो, मी सुरुवातीपासून होतो, आधीचा जबाब खोटा दिला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुम्ही जे सांगाल ते तुमच्याविरुद्धही जाऊ शकतं, कळतंय ना?" मी म्हणालो, कळतंय. मग सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसंच. आरोपीच्या जागी उभा असलेला शिपाई आधी माझ्याकडे बघत होता. पुढे पुढे बघेनासा झाला. अंगात साधा शर्ट होता, कुठून तरी तयार घेतलेला. खांदे ढिले होते.

त्याच्या वकिलांनी विचारलं, "तो शांत झाल्यावर किती वेळ तुम्ही दोघं त्याला धरून होतात?"

"अजान संपेपर्यंत."

"मिनिटांत सांगा."

ते मी मोजून ठेवलं होतं. मागचे कितीतरी दिवस असरच्या वेळी मी दुकानात मशीन थांबवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. आमच्याकडची अजान सावकाश असते. म्हणालो, "तीन मिनिटांच्या वर. चार नाही."

बाईंनी स्वतः विचारलं, "तुम्ही त्याला ओळखत होतात. तेवढ्या वेळात एकदा नाकाशी हात का नाही धरला?"

मी म्हणालो, "मला वाटलं, मला माहीत आहे."

त्यांनी ते टायपिस्टला तसंच सांगितलं. मशीन खडखडलं. मग कागद माझ्यासमोर आला आणि लेखनिकानं सवयीनं खाली बोट ठेवलं. "इथं सही, आजोबा."

मी चष्मा लावला. म्हणालो, "वाचतो."

"वाचून दाखवलं की आत्ता."

"तरी वाचतो."

मागे कुणीतरी हसलं. पुढचा खटला तिष्ठत होता. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, बोट फिरवत, एकेक शब्द. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की साक्षीदार त्या वेळी जवळ हजर होता. मी बोट तिथंच ठेवलं. "बाई, मी नुसता हजर नव्हतो. मी पाय धरले होते. तसं लिहा." त्यांनी दुरुस्ती केली, बाजूला आद्याक्षरं केली. मग मी सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली नाही.

बाहेर व्हरांड्यात तो शिपाई भिंतीला टेकून उभा होता. मी जवळ गेलो. तोच म्हणाला, "काका, लई उशीर केलात." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागलं. मी हो म्हणालो.

त्याचं पुढे काय होईल ठाऊक नाही. माझं काय होईल तेही वकिलांना सांगता येत नाही. म्हणतात, नोटीस येऊ शकते. येऊ दे. पंच म्हणून बोलवायला आता ठाण्यातून कुणी येत नाही, गणवेशही दुसरीकडे जातात.

भाबी पायरीवर बसल्या होत्या, शेजारी माझी बायको, मधे डब्याची पिशवी. मला बघून दोघी उठल्या.

"एवढा वेळ?" भाबी म्हणाल्या. "काय करून राहिले होते आत?"

"वाचत होतो."

"वाचून केली सही?"

"वाचून केली."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, माप घेताना मी गिऱ्हाइकाकडे बघतो तसं. मग पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. "धरा. चला, अहमदपूरची गाडी लागली असंल."